मुकी पेटी

चोराने चोरपावलांनी चालावं, त्यात नवल काय? पण घरच्या सुनेने आपल्याच अंगणात, भरदिवसा, मागच्या दाराने चवड्यांवर का जावं? अक्काला हे मुळीच पटत नव्हतं. सकाळी एकदा जायची, दुपारी अक्काचा डोळा लागला की पुन्हा जायची, आणि परत येऊन भांडी घासायला अशी बसायची की जशी काही जागची हललीच नाही. बाहीला मात्र तूस चिकटलेलं.

"कुठे गेली होतीस?"

"दोरीवरचे कपडे बघायला."

"कपड्यांना तूस कधीपासून यायला लागलं?"

सून मान खाली घालून काहीतरी पुटपुटायची. हे पुटपुटणं तर अक्काच्या डोक्यातच जायचं. बोलायचं तर खणखणीत बोलावं, नाहीतर तोंडाला कुलूप घालावं. हिचं सगळं मांजरीने दूध प्यावं तसं. ओठ हललेले दिसायचे, शब्द कुठे जायचा कोण जाणे.

तूस कुठलं ते सांगायला ज्योतिषी नको होता. ते एकाच ठिकाणी होतं, अंगणात भिंतीच्या आडोशाला, पिल्लांच्या पेटीत. आणि अक्काच्या परवानगीशिवाय पेटीला हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता. नवऱ्याने तो मरेपर्यंत पाळला. लेक ट्रक चालवतो, भल्याभल्यांना रस्त्यावर दम देतो, तोही पाळतो. आणि ही?

पेटी म्हणजे पिल्लांचं उघड्यावरचं ब्रूडर. उबवणी केंद्रातून अंड्यातनं नुकती निघालेली पिल्लं यायची, आई नसलेली, ओंजळीत चार मावतील एवढाली. त्यांना पिसं फुटेपर्यंत ऊब द्यायची, दाणा द्यायचा, राखायचं, हे अक्काचं काम. मग ज्याची त्याची माणसं येऊन घेऊन जात. पेटी लाकडी, चार पायांवर उभी. अर्धी बंद खोली, तिला वर झाकण आणि मागे तारेच्या आकड्याचं छोटं दार, आत पिवळा बल्ब आणि खाली तुसाची गादी. उरलेलं अर्धं जाळीचं अंगण, तिथे बारीक भरडा आणि पाणी. दोन्हींच्या मधे गोणपाटाचा पडदा, उभ्या पट्ट्या कापलेला. गारठलं पिल्लू की आत, उबलं की बाहेर. पाण्याच्या ताटलीत अक्काने गोटे टाकले होते, कारण एवढंसं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं. आतल्या खोलीला तिने कोपरेच ठेवले नव्हते. पुठ्ठा वाकवून सगळे गोल केले होते. "कोपरा दिसला की घाबरलेलं पिल्लू तिथे घुसतं," ती सांगायची, "त्याच्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. खालचं गुदमरून मरतं आणि वरच्याला पत्ता नसतो. माणसांत राहिलेली आहेत म्हणून शिकली असतील."

आत किती ऊब आहे ते बघायला लेकाने एकदा थर्मामीटर आणला होता. अक्काने तो त्याच्याच खिशात परत घातला. "हा तापाच्या माणसाला लाव. मला कान आहेत."

आणि खरोखरच होते. पेटीला कान लावला की तिला सगळं कळायचं. थंडी वाजली की पिल्लं कर्कश ओरडतात, एका सुरात, थांबत नाहीत. पोट भरलं, अंग उबलं की आपापसात कुजबुजतात, जशा दुपारच्या बायका. आणि जीवावर बेतलं की एकच बारीक किंकाळी येते. ती ऐकली की हातातलं टाकून धावायचं, हे ती झोपेतही करायची. गल्लीत म्हण पडली होती, अक्काला पिल्लांचं पोटातलं कळतं.

या खेपेची पिल्लं मात्र मुकी होती.

पहिल्यांदा अक्का खूशच झाली. किती शहाणी पोरं, ना रडणं ना कटकट! ती पेटीला कान लावायची, आतून काहीच यायचं नाही, आणि ती समाधानाने उठायची. मग एका सकाळी भरडा घालायला तिने झाकण उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. पिल्लांनी माना वर केल्या होत्या. सगळ्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. इवल्याइवल्या जिभा थरथरताना दिसत होत्या. आणि आवाज नव्हता. काही म्हणजे काही नव्हता.

अक्काने झाकण टाकलं. त्याचा धाडकन आवाज तिला ऐकू आला. पलीकडच्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला, तोही आला. तिने पुन्हा झाकण उचललं. चोची तशाच, उघडत, मिटत.

 पेटीच्या कडेला धरून ती खाली बसली. पिल्लं मुकी नव्हती. जाडे आवाज येत होते, बारीक तेवढे तिच्या कानांतून गेले होते. ते तिला कळलं, आणि कळल्यावर तिने एकच गोष्ट ठरवली. हे कोणाला कळता कामा नये.

का नये, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. लेक चांगला होता. चांगल्या लेकाचंच भय जास्त. तो ओरडणार नाही, भांडणार नाही, जवळ बसून, हात हातात घेऊन म्हणेल, "अक्का, खूप केलंस. आता आराम कर." त्या एका वाक्याला ती यमापेक्षा जास्त घाबरायची. यम एकदाच नेतो. आराम रोज नेतो, थोडा थोडा. आज पेटी, उद्या चूल, परवा किल्ल्या, आणि मग एक दिवस खाटेवरची ती एक म्हातारी, जिच्यापुढे ताट ठेवायचं आणि जिच्या मागे बोलायचं. आणि पेटीवर डोळा ठेवून असलेली सून तर घरातच होती, बाहीला तूस लावून.

मग अक्काने नाटक सुरू केलं. रोज ठरल्या वेळी पेटीला कान लावायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची. डॉक्टरने छातीला नळी लावावी तसं. वर काहीतरी बोलायचं, "आज जरा भुकेली वाटतात," किंवा "मजेत आहेत." अंदाजाने. डोळ्यांनीही पुष्कळ कळतं म्हणा. पिल्लं बल्बखाली दाटली तर गारठली आहेत, भिंतीला चिकटून पसरली तर उकडतंय. पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं आणि झाकण उघडलं की सगळी ऊब वाऱ्यावर जाते. कान असताना ते करावं लागत नव्हतं.

एका संध्याकाळी कुंपणापलीकडची शिंपीण मापाची टेप गळ्यात घालून उभी राहिली. शिंपीण म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, तेही फुकट वाटलेलं.

"काय अक्का, काय म्हणतायत लेकरं?"

अक्काने पेटीला कान लावला, डोळे मिटले. "झोपलीत."

शिंपिणीने भुवया उंचावल्या. "झोपलीत? झोपेत एवढा कल्ला? माझ्या नवऱ्यावर गेलीत वाटतं, तो झोपला की पत्रे हलतात."

अक्काने पटकन कान पेटीवरून काढला. पण तोंड तिचं कधी अडलं नव्हतं. "तुझा नवरा घोरतो ते बरं. जागा असला की बोलतो, ते कोण ऐकणार?" शिंपीण खिदळत गेली. स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. ती हसली नाही. ती पेटीकडे बघत होती.

"काय बघतेस? पेटीला हात लावायचा नाही," अक्का म्हणाली. "पोट भरलंय, म्हणून गातात. गप्प बसतील आपोआप."

सुनेने तोंड उघडलं, मिटलं आणि आत गेली.

सकाळी झाकण उघडलं तर आतला पुठ्ठा एका बाजूला कलंडला होता आणि मागे पिल्लांचा ढीग. वरची जिवंत होती. खालची चपटी, थंडगार झालेली, एकमेकांत अडकलेली. बल्ब होल्डरमधून सैल होऊन कधीतरी विझला होता. अक्काने एकेक पिल्लू उचललं आणि ओंजळीत धरलं. तिला आठवलं, संध्याकाळी शिंपीण म्हणाली होती, कल्ला. रात्रभर ती ओरडली असतील. पेटीपासून तिची खाट भिंतीपलीकडे होती.

ती सुनेवर घसरली. नको म्हटलं तरी हात लावलास, पाण्याची ताटली वाकडी ठेवलीस, तूस ओलं झालं, गारठली. सुनेने ऐकून घेतलं. तिचे डोळे लाल होते. अपराधी आहे म्हणून रडते, अक्काने स्वतःला सांगितलं. पण ती स्वतःला जे सांगत होती त्यावर तिचाच विश्वास बसत नव्हता आणि हे तर सगळ्यात भयंकर होतं.

त्यानंतरच सून चोरपावलांनी जाऊ लागली. अक्का खिडकीतून बघायची आणि तिच्या मनात पाल चुकचुकायची. ही काय करते? पिल्लांना काही खायला घालते का, म्हणजे ती मरावीत आणि अक्काचं नाव जावं? छे, एवढी वाईट नाही. मग शिकते का, म्हणजे लेक आला की "मला येतं सगळं" म्हणायला मोकळी? हे पटण्यासारखं होतं. नवी नवरी किल्ल्या मागत नाही, आधी कुलपं बघून ठेवते.

बारीक भरडा संपला तो दिवस ढगाळ होता. वारा असा सुटला होता की कपड्यांची दोरी तुटेल. पिल्लांच्या चोचीला मोठा दाणा चालत नाही, म्हणून सुनेला बाजारात पाठवणं भाग होतं. ती निघण्याआधी दिसेनाशी झाली. अक्काने मागच्या दारातून हाक मारली, "अगं ए, जातेस की मुहूर्त काढू?" तशी ती भिंतीआडून धापा टाकत आली, बाही झटकत.

"गेले होते जरा..."

"कपडे बघायला. ठाऊक आहे. वाऱ्यात उडून गेले नसतील तर."

ती गेली. घरात अक्का एकटी उरली आणि अंगणात पेटी.

किती दिवसांनी पेटी पुन्हा तिची एकटीची झाली होती! तिला आनंद व्हायला हवा होता. पण फाटकाची कडी लागली आणि ती उंबऱ्यातच थबकली. आता पिल्लांना काही झालं तर ते ऐकणारं त्या अंगणात कोणीच नव्हतं. तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की इतके दिवस आपण सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सून शांत असली की आपण शांत. सुनेने मान वळवली की आपण पेटीकडे बघायचं. म्हातारीच्या नकळत म्हातारीने काठी धरली होती.

ती स्टूल घेऊन पेटीपाशी जाऊन बसली. भरडा चाळायची रिकामी चाळणी उगाच मांडीवर घेतली. कान लावला. काही नाही. कोणी बघणारं नव्हतं, तरी लावला. मग तळहात टेकवला झाकणावर. लाकूड कोमट होतं, म्हणजे बल्ब चालू होता. जाळीच्या अंगणात एकच पिल्लू होतं आणि ते उभं होतं. दाणे टिपत नव्हतं, पाण्याकडे जात नव्हतं, चालत नव्हतं. खिळ्यासारखं ताठ, एक पाय उचललेला. दाण्याच्या ताटलीत सकाळी उरलेला भरडा तसाच पडला होता.

बाकीची सगळी आत. या वेळेला? पोट रिकामं असताना?

गारठली असतील, वारा आहे. पण लाकूड तर कोमट. मग उकडतंय का? उकडलं तर बाहेर आली असती. अक्काने ताठ उभ्या पिल्लाला जाळीतून बोट लावलं. ते हललं नाही. त्याची चोच मात्र उघडी होती, मोठी आ वासलेली, आणि गळा थडथड उडत होता. तिने आजवर हजारांनी पिल्लं वाढवली होती, हे असं पिल्लू तिने पाहिलं होतं, कधी, कुठे, कशामुळे, ते काही केल्या आठवेना. आवाज असता तर आठवलं असतं. तिची सगळी आठवण आवाजात होती.

झाकण उघडावं तर ऊब जाईल. आणि तिने मनाशी कबूल केलं नाही, पण आत काय दिसेल त्याची भीती होती. पुन्हा तो ढीग. मग तिने जाळीचं झाकण उचललं, बाही वर सारली आणि पडद्याच्या पट्ट्यांतून हात आत घातला, पार खांद्यापर्यंत. गाल जाळीला टेकला. डोळ्यांपुढे नुसतं लाकूड होतं. आत बोटं होती फक्त.

बोटांना तूस लागलं. मग पिल्लं, डाव्या भिंतीला, एकावर एक. ढीग होता, पण जिवंत. सगळा ढीग कापत होता, जसं पाणी उकळायच्या आधी भांडं थरथरतं. "अगं, वेगळ्या व्हा, वेगळ्या व्हा गं बायांनो," ती म्हणाली आणि बोटांनी ढीग फोडू लागली. एक पिल्लू हातात आलं ते मऊ होतं, हललं नाही. तिने ते बाजूला सारलं. हात आणखी पुढे गेला, उजवीकडे, पेटीच्या मागच्या दाराकडे.

तिथे तूस नव्हतं. तिथे काहीतरी गार होतं. गुळगुळीत, मनगटाएवढं जाड. तिला वाटलं, बल्बची वायर सुटली. पण वायर एवढी जाड नसते. वायर बोटांखालून सावकाश सरकतही नाही.

 हात काढावा तर ते दचकेल. न काढावा तर? ते सरकत राहिलं, तिच्या मनगटावरून, अंगठ्यावरून, जणू त्याला कुठेच घाई नव्हती. तिने देवाचं नावही घेतलं नाही. नाव घ्यायला ओठ हलवावे लागतात.

डोळ्यांच्या कडेला तिला फाटक दिसत होतं. फाटकात सून होती. तिने हातातल्या पिशव्या टाकल्या होत्या, भरडा सगळीकडे सांडला होता आणि ती धावत येत होती, केस सुटलेले, तोंड उघडं. तोंड मिटत होतं, उघडत होतं. त्यातून काही येत नव्हतं. नुसता वारा येत होता.

मग खांद्याला हिसका बसला. सुनेने तिला मागून दोन्ही हातांनी कवेत धरलं आणि ओढलं. हात पट्ट्यांतून निसटला, जाळीला खरवडला आणि दोघी मातीत उताण्या पडल्या. सून आधी उठली. कपड्यांच्या दोरीचा बांबू उपटून तिने लांबूनच पेटीचं झाकण उलटलं.

आतून जे वर आलं ते येतच राहिलं. मळकट पिवळं, मधे दोन ठिकाणी फुगलेलं. ते मागच्या दाराच्या फटीतून खाली उतरलं, अंगणातून सळसळत गेलं आणि भिंतीतल्या बिळात शिरलं. शेपटी जायला बराच वेळ लागला. कुंपणापलीकडे शिंपीण स्टुलावर चढून उभी होती, कात्री हातात घेऊन, जशी काही कात्रीने सापाचं माप घेणार होती.

"धामण," अक्का म्हणाली. आयुष्यात बघितलेल्या होत्या तिने. विष नसतं तिला. तिने मनगट उलटसुलट केलं. एक लांब ओरखडा होता, रक्त आलं होतं, जाळीच्या तारेचा. दाताचा नव्हता. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा सुनेने बघितलं. 

"धामणच होती हो!" शिंपीण ओरडली. तिचा आवाज जाडा, तो कोणालाही पोचायचा. "सूनबाई कधीची ओरडतेय, पिल्लं किंचाळतायत, अक्का, हात काढा, हात काढा! मी मशीनवरून उठून आले, एवढी ओरडली! तुम्ही आपल्या हात घालून बसल्या!"

सुनेने शिंपिणीकडे बघितलं, मग अक्काकडे. अक्काला तो चेहरा वाचता आला. दया नव्हती त्यात. भीती होती, आणि ती सापाची नव्हती.

"आधी पिल्लं," अक्का म्हणाली.

दोघींनी पिल्लं काढली. जी गेली ती गेली. काही धामणीच्या पोटात, काही ढिगाखाली. उरलेल्यांना टोपलीत घेतलं, तूस बदललं, पुठ्ठा सरळ केला, बल्ब पिळून घट्ट केला. एकेकाची चोच पाण्यात बुडवून त्याला आत सोडलं. अक्काच्या हातांना काम ठाऊक होतं. मागच्या दारापाशी ती थांबली. दाराचा तारेचा आकडा लोंबत होता. खोबणीत बसलेलाच नव्हता.

"हा मी रोज लावते."

सून उभी होती तिथेच खाली बसली. आणि या वेळी ती अक्काच्या समोर बसली, तोंडाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलली. अक्काला ऐकूही आलं आणि दिसलंही.

"माझ्याकडून राहिला. बाजाराला निघताना मी मागून उघडलं होतं. पिल्लं थंडीची ओरडत होती, बल्ब पुन्हा सैल झाला होता. तो पिळला आणि तुम्ही हाक मारलीत. तुम्हाला कळू नये म्हणून पळत आले."

"रोज हेच करत होतीस?"

"ओरडली की जात होते."

"कधीपासून कळलं तुला? माझं?"

 सुनेने पदराने डोळे पुसले. "तुम्ही पिल्लांना 'झोपलीत' म्हणालात त्या संध्याकाळी. ती रात्रभर ओरडत होती, अक्का. मी पडून ऐकत होते. उशी कानावर घेतली. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात."

अक्काला वाटलं, धामण पुन्हा मनगटावरून सरकते आहे. रात्रभर. एक ऐकू येत नव्हतं म्हणून निवांत झोपलेली, दुसरी ऐकू येत असून पडून राहिलेली. आणि भिंतीपलीकडे ती ओंजळीतली पिल्लं, एकाखाली एक.

"आणि सकाळी मी तुला बोलले."

"हो."

"तरी सांगितलं नाहीस."

"तुमच्यापुढे कसं बोलू? तुम्हाला काय वाटलं असतं? त्यांनाही सांगितलं नाही फोनवर. कोणालाच नाही."

वारा पडला होता. कुंपणापलीकडे शिंपीण कात्री घेऊन अजून उभीच होती, एक शब्द सांडू न देता. अक्काच्या मनात आलं, हिला आधी हाकलावं. तोंडात शब्दही आले. त्या बाईला एकदा कळलं की तिन्हीसांजेला गल्लीला कळणार, आठवड्यात लेकाला. मग तो येईल, हात हातात घेईल. ती भीती तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. पण बोटांवर अजून ते मऊ, न हलणारं पिल्लू होतं.

तिने शिंपिणीला हाकललं नाही. पेटीच्या कडेला धरून ती उठली, अंगावरचं तूस झटकलं आणि सुनेला बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"रडू नको, ऐक. मला पिल्लांचा आवाज येत नाही. शिंपीणबाई, तुम्हीही ऐका, गल्लीभर छापा. माझे कान गेले ते वयाने गेले, त्यात माझा गुन्हा नाही. ते लपवलं, तो माझा गुन्हा, त्याची शिक्षा मी भोगीन. पण तुझी जीभ कशाने गेली? माझा मान राखायला निघालीस आणि मुक्या जिवांना मारलंस. मीही मारलं, पण मला ऐकू येत नव्हतं गं, तुला येत होतं! आजपासून पेटी दोघींची. ऐकायचं तू, काय करायचं ते मी सांगीन, आणि माझं चुकलं तर माझ्या तोंडावर म्हणायचं, अक्का, चुकताय. लेकापुढे म्हण, पाहुण्यांपुढे म्हण. मी चिडेन, शिव्याही देईन, तरी म्हणायचं. उर्मट सून मी पदरात घेईन, बाई. भित्री मला परवडत नाही."